विद्यापीठातले विद्यार्थी वैश्विक किरण टिपणारा अँटेना स्वतः बांधू शकतात का?

हो, आणि बांधावाच. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझ्या मते अँटेना हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. आलेला रेडिओ स्पंद (क्षणभराची लहर) आकाशातला की शेजारच्या मोटरच्या ठिणगीचा, हे ठरवणं अवघड.

वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान कण, वातावरणावर आदळला की कणांचा वर्षाव होतो. होमी भाभा आणि भौतिकशास्त्रज्ञ हाइटलर यांनी १९३७ साली अशाच वर्षावाचं गणित मांडलं होतं. त्यातले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धन विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन) पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात विरुद्ध दिशांना वळतात आणि काही नॅनोसेकंदांचा रेडिओ स्पंद निघतो. महाराष्ट्रात हे क्षेत्र बरंचसं आडवं, उत्तरेकडे रोखलेलं आहे. त्यामुळे डोक्यावरून येणाऱ्या वर्षावासाठी डायपोल (एका रेषेतल्या दोन दांड्यांचा अँटेना) पूर्व-पश्चिम लावा. पट्टा ३० ते ८० मेगाहर्ट्झ ठेवा, कारण खाली शॉर्टवेव्हचा गोंगाट आणि ८८ पासून एफएम. मध्य ५५ धरला तर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल साधारण २.७ मीटरचा होतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पाईप, अँटेनाला लागूनच कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर, को-अ‍ॅक्स केबल. बस्स.

आता खरी अडचण. नुसत्या अँटेनाच्या स्पंदांवर विसंबू नका. १९६५ साली इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक या वेधशाळेत ४४ मेगाहर्ट्झवर हे स्पंद पहिल्यांदा सापडले, तेव्हा नोंद कधी घ्यायची ते गायगर काउंटर (कण मोजणारी उपकरणं) सांगत होते. पुढे जर्मनीत कार्ल्सरूहच्या लोपेस प्रयोगातही कणशोधकांचा इशारा मिळाल्यावरच अँटेनांची नोंद साठवली जाई. तुम्हीही काही मीटर अंतरावर तीन-चार सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारे कणशोधक) ठेवा. सगळे एकाच वेळी बोलले, तरच त्या क्षणाची नोंद जपा. माझा आग्रह असा, की निम्म्याहून जास्त वेळ आणि पैसा या भागावर घालवा.

धीर मात्र हवा. रेडिओत स्पष्ट दिसायला किरणाची ऊर्जा साधारण एकावर सतरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं एकक) लागते, आणि असे किरण विरळ असतात. शिवाय शहरातल्या गच्चीवर एलईडी दिवे आणि चार्जरच कान भरून टाकतात. गावाबाहेरची, विजेच्या तारांपासून दूरची जागा मिळवा. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की केबल काढून ठेवा.

पहिला स्पंद मिळण्याआधीही अँटेना तपासता येतो. गोंगाटाची पातळी काही आठवडे सलग नोंदवा. आकाशगंगेचा मध्य दक्षिणेच्या आकाशात सर्वात उंच येताना ती वाढते, आणि ही वाढ रोज सुमारे ४ मिनिटं आधी येते. ती दिसली, तर अँटेना आकाश ऐकतोय. सिंटिलेटर जोडायला घ्या.