संशोधन गटात यायचंय? आधी ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जा

भूरूपशास्त्राच्या, म्हणजे डोंगर-नद्यांसारखी भूरूपं कशी घडतात या अभ्यासाच्या, संशोधन गटात प्रवेश कसा मिळवायचा, हे विचारणारी पत्रं दर हंगामात येतात आणि गोंधळ तेच ते असतात. ऐकीव माहितीवर मुलांची वर्षं वाया जाताना पाहवत नाहीत. म्हणून वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माझी पदवी भौतिकशास्त्राची आहे. भूगोल किंवा भूशास्त्र कधी शिकलो नाही. मला घेतील का?

घेतील. उतारावरून माती कशी सरकते, पाणी गोटा केव्हा हलवतं, ही गणितं मांडणारी माणसं प्रत्येक गटाला हवी असतात. कोणते पूरक विषय करावे लागतील ते त्या विभागाला आधी विचारून घ्या.

प्रश्न: साठ प्राध्यापकांना ईमेल पाठवली. तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. माझे गुण कमी पडतात का?

गुणांचा प्रश्नच आला नाही, पत्र तिथवर वाचलंच गेलं नसेल. साठ जणांना गेलेलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं. पाच गट निवडा. प्रत्येकाचे अलीकडचे दोन लेख आकृत्यांसकट वाचा आणि दहा ओळी लिहा: काय वाचलं, कुठे अडलं, स्वतःला काय येतं. एका मुलीने मला विचारलं होतं, तुमच्या आकृतीत नदीवेदिकेची (नदीकाठच्या जुन्या गाळाच्या पायरीची) उंची पाण्याच्या पातळीपासून मोजली आहे की नदीच्या तळापासून? आम्ही ते लिहायला विसरलो होतो. तिला त्याच दिवशी उत्तर गेलं.

होकार आला तरी लगेच हुरळून जाऊ नका. त्या गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि मधेच सोडून गेलेलं कोणी सापडलं तर त्यांच्याशी आधी बोला. गाईड किती दिवसांनी भेटतात, लेखावर पहिलं नाव कोणाचं लागतं, पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षं लागतात, हे तेच सांगतील.

प्रश्न: उपग्रहाच्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या अंकीय नकाशावरून) एका खोऱ्याचं मॉर्फोमेट्रिक विश्लेषण, म्हणजे आकारमानाची मोजणी, केलं आहे. प्रवाह श्रेणी (लहान-मोठ्या ओढ्यांचे क्रम), द्विभाजन गुणोत्तर (एका श्रेणीतले ओढे पुढच्या श्रेणीच्या किती पट), प्रवाह घनता (दर चौरस किलोमीटरला ओढ्यांची लांबी), सगळे तक्ते तयार आहेत. खोऱ्यात गेलेलो नाही. सगळे असंच करतात म्हणे. अर्जाला जोडू का?

सगळे असंच करतात, म्हणूनच याचं उत्तर लांबणार आहे.

रॉबर्ट हॉर्टन यांनी 1945 मध्ये प्रवाहांना श्रेणी लावण्याची पद्धत मांडली, पुढे आर्थर स्ट्रेलर यांनी ती सुधारली. तेव्हा ही मोजणी नकाशावरच्या रेषांवरून हाताने होत असे. आता सॉफ्टवेअर ती काही मिनिटांत करतं. पण ओढा कुठे सुरू होतो हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ते तुम्ही सांगता: इतक्या पेशींचं, म्हणजे डीईएमच्या चौकोनांचं, पाणी एकत्र आलं की तिथून ओढा धर. 30 मीटर बाजूच्या चौकोनांच्या डीईएमवर हा आकडा 100 ठेवला तर 9 हेक्टर पाणलोटानंतर ओढा सुरू होतो. 1000 ठेवला तर 90 हेक्टरनंतर. खोरं तेच, जमीन तीच, पण प्रवाह घनता बदलली, प्रथम श्रेणीच्या, म्हणजे दुसरा ओढा येऊन न मिळालेल्या, ओढ्यांची संख्या बदलली. तुम्ही पाठवलेल्या सहा तक्त्यांत हा आकडा कुठेही दिलेला नाही. मग त्यांवरून काढलेला 'खोऱ्याची प्रवाह घनता कमी, म्हणून खडक सच्छिद्र' हा निष्कर्ष खडकाबद्दलचा आहे की तुम्ही भरलेल्या आकड्याबद्दलचा?

दुसरी गोष्ट. बहुतेकांच्या हातात असतो तो एसआरटीएम या अंतराळयानातल्या रडार मोहिमेचा डीईएम. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवसांच्या मोहिमेत ती मोजणी केली. दाट जंगलात त्या रडारला उघडी जमीन दिसत नाही, त्याने मोजलेल्या उंचीत झाडोऱ्याची उंची मिसळते. त्यामुळे जंगलाची सरळ कड नकाशावर पायरीसारखी उमटते. अशाच एका पायरीला प्रस्तरभंगाचा (खडक तुटून सरकल्याचा) कडा ठरवणारा मसुदा माझ्याकडे आला होता. मुलाची वर्षाची मेहनत होती. आम्ही दोघं त्या जागी जाऊन उभे राहिलो. जमीन दोन्हीकडे सारख्याच उंचीवर होती, फक्त झाडं संपत होती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ही भेट त्याच्या पहिल्या महिन्यात घडवून आणायला हवी होती, आणि ते काम त्याच्या मार्गदर्शकाचं होतं. सपाट जलाशयावर सॉफ्टवेअर ज्या सरळ समांतर रेषा ओढतं, त्यांनाही कोणी खडकातल्या भेगांनी नियंत्रित झालेले प्रवाह म्हणू नये.

आता करायचं काय? तुमच्या खोऱ्यातलं एक लहान उपखोरं घ्या. जायची परवानगी काढा, माहितगार माणूस सोबत घ्या आणि ओढ्यातून वरच्या दिशेने चालत जा. खाली दोन्ही बाजूंना ठसठशीत काठ असतील, तळाला धुतलेले खडे असतील. वर जाल तसे काठ बुटके होत जातील. एका जागी ते संपतील. तिथे तळावरचा पालापाचोळा वाहून न जाता जागच्या जागी पडलेला दिसेल आणि पुढे नुसता खोलगट उतार उरेल. प्रवाह खरा सुरू होतो तो इथे. जीपीएसवर नोंद करा, फोटो काढा. अशा पंधरा-वीस जागा झाल्या की प्रत्येकीच्या वरचा पाणलोट डीईएमवर मोजा आणि सॉफ्टवेअरला द्यायचा आकडा त्यावरून ठरवा. पंधरा जागांचे पाणलोट एकमेकांशी जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, उतारामुळे की खडकामुळे, हा प्रश्न पडला की तुमचं संशोधन सुरू झालं. एवढं दोन पानांत लिहा, तुमच्या शिक्षकांना दाखवा आणि मग जोडा. तक्ते जोडू नका.

प्रश्न: एक संस्था शुल्क घेऊन सात दिवसांत पेपर छापून देते. 'पेपर असला की प्रवेश नक्की' असं ते म्हणतात.

एक पैसाही देऊ नका. सात दिवसांत छापून देण्याची हमी म्हणजे तो पेपर जाणकाराने वाचलेला नसणार, आणि निवड समितीला हे लगेच कळतं. चांगली मुक्त नियतकालिकंही लेख स्वीकारल्यावर शुल्क घेतात, त्यामुळे नुसत्या शुल्कावरून निवाडा करू नका. नियतकालिकाचं नाव ग्रंथपालांना आणि शिक्षकांना दाखवा.

प्रश्न: गाईड ठरायचे आहेत. तोवर सुट्टीत नदीवेदिकेचे नमुने ओएसएल कालमापनासाठी काढून ठेवू का?

नको. वाळूच्या कणावर शेवटचा प्रकाश कधी पडला, हे ओएसएल ही वय मोजण्याची पद्धत सांगतं. नमुना काढताना ऊन लागलं की ती नोंदच पुसते. त्यासाठी अपारदर्शक नळी थरात ठोकावी लागते, तोंडं बंद करावी लागतात, भोवतालची माती किरणोत्सार आणि ओलाव्याच्या मोजणीसाठी वेगळी घ्यावी लागते. त्यातून खोरं निव्वळ बेसाल्टचं असेल तर लागणारा क्वार्ट्झ मिळणंही कठीण. आधी प्रयोगशाळेशी बोला. सुट्टीत त्या दरडीचं चित्र काढा: प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार, आणि मोजपट्टी ठेवून फोटो.

प्रश्न: गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. हा विषय सोडावा का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका आणि धरूही नका. संगणकीय प्रारूपं, प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या चरातले प्रयोग, नमुन्यांचं रसायन, यांत डोंगर चढावा लागत नाही. गटप्रमुखांपासून मात्र लपवू नका.

प्रश्न: अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. आता पत्र लिहून उपयोग आहे का?

आजच लिहा, आणि शिफारसपत्रं देणाऱ्या शिक्षकांना त्याच्याही आधी कळवा. निधी, जागा आणि विषय यांचं बोलणं व्हायला काही महिने जातात. दरवर्षी चांगली मुलं केवळ उशिरामुळे मागे पडतात, हे मला फार लागतं.

प्रश्न: प्रकल्पासाठी पुरात प्रवाहाचा वेग मोजायचा आहे. जोडीदार मिळत नाही. एकटी गेले तर चालेल?

नाही. पुढच्या वर्षीचा पूर मोजा. आणि तुमच्या गटाचे फील्डवर्कच्या सुरक्षेचे नियम लेखी आहेत का, ते उद्याच गाईडना विचारा.