ज्यू घरांत नवीन भांडी वापरण्यापूर्वी पाण्यात का बुडवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या ज्यू मैत्रिणीसाठी तुम्ही पुण्याहून स्टीलचे पातेले आणि तांब्या नेला, तिने तो आनंदाने घेतला, पण "बुडवून आणल्यावर वापरीन" असे म्हणून फळीवर ठेवून दिला. तेव्हा हा तुमच्या हाताचा विटाळ मानण्याचा प्रकार होता का?

नव्हता. मी ठाण्यात वाढलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, कुटुंबातली असून गेली बरीच वर्षे इस्रायलमधील दिमोना येथे राहते. तुमची शंका मला अस्थानी वाटत नाही, कारण सोवळ्याओवळ्याच्या आठवणी ज्या समाजात अजून ताज्या आहेत, तिथे भांडे पाण्यात बुडवणे म्हटले की दुसरे काही मनात येणे कठीण. मात्र या नियमाचा स्पर्शाशी संबंध नाही, स्वच्छतेशीही नाही. तो मालकीशी आहे. भांडे बिगरज्यू मालकाकडून ज्यू मालकाकडे आले, की अन्नासाठी वापरण्यापूर्वी ते एकदा पाण्यात बुडवायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. या विधीला 'तेविलात केलिम', म्हणजे भांड्यांचे निमज्जन, असे म्हणतात.

याचे मूळ बायबलमधील 'गणना' या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात आहे. मिद्यानी लोकांशी झालेल्या युद्धानंतर लुटीत आलेल्या भांड्यांचे काय करावे, हे एलाजार याजक सांगतो, आणि तिथे सोने, रुपे, पितळ, लोखंड, कथील व शिसे या सहा धातूंची नावे येतात. जे विस्तवावर वापरले जाते ते विस्तवातून काढावे, आणि तरीही ते पाण्याने शुद्ध करावे, असा त्या वचनाचा आशय आहे. विस्तवाचा भाग समजायला सोपा आहे, कारण भांड्यात मुरलेला निषिद्ध अन्नाचा अंश त्याने निघून जातो. जुने भांडे आजही आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मगच बुडवतात. पण मग पाणी कशासाठी, असा प्रश्न तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन चर्चासंग्रहाच्या, 'अवोदा जारा' या ग्रंथात चर्चेला आला, आणि दुकानातून आणलेल्या कोऱ्या करकरीत भांड्यालाही निमज्जन लागते असे ठरले. धर्मांतर करून ज्यू होणारी व्यक्तीदेखील अशाच पाण्यात बुडी घेते, तसा हा भांड्याचा ज्यू घरातला प्रवेश. आपल्याकडे नवी सून माप ओलांडून घरात येते. ती आधी अपवित्र होती असे त्यातून कोणी म्हणत नाही. मी तरी या विधीकडे त्याच नजरेने पाहते.

मालकीचाच प्रश्न आहे, हे नियमाच्या तपशिलांतून अधिक नीट कळते. बिगरज्यू शेजाऱ्याकडून उसने किंवा भाड्याने आणलेले भांडे बुडवावे लागत नाही, कारण ते त्याचेच राहते. एकदा बुडवलेल्या भांड्यात तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन रोज भाजी केलीत तरी ते पुन्हा बुडवावे लागत नाही. पेसाखच्या सणात खमिराचे पदार्थ ज्यूंनी आपल्या मालकीचे ठेवायचे नसतात, म्हणून सणापूर्वी ते रीतसर बिगरज्यू माणसाला विकले जातात, पण त्या विक्रीत भांडी घालत नाहीत. घातली, तर सणानंतर परत विकत घेताना घरातले प्रत्येक पातेले पुन्हा बुडवावे लागेल. आणि तुमच्या शंकेचे सर्वांत थेट उत्तर योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या 'शुल्हान आरूख' या धर्मसंहितेत मिळते: भांडे बिगरज्यू माणसाने बुडवले तरी ते निमज्जन वैध ठरते. विटाळाची कल्पना असती तर असा नियम झालाच नसता. लहान मुलाच्या एकट्याच्या शब्दावर मात्र 'बुडवले' असे धरून चालत नाहीत, कारण मुलगा खरेच तिथे गेला की वाटेत खेळत बसला, याची खात्री कोण देणार?

कोणती भांडी बुडवायची, हे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेतच सांगते. पातेली, कढई, तवा, झारा, चमचे, खोवणी ही सगळी धातूची म्हणून बुडवायची. काचेची भांडीही बुडवायची, कारण फुटलेली काच धातूसारखीच वितळवून पुन्हा घडवता येते, असा तालमूदचा युक्तिवाद आहे. पोळपाट आणि लाटणे लाकडाचे, पाटा-वरवंटा दगडाचा आणि माठ साध्या मातीचा असल्यामुळे यांना काहीच लागत नाही, आणि प्लास्टिकलाही बहुतेक धर्मपंडित सूट देतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीबद्दल मतभेद आहेत. काही जण ती, एरवी बुडवताना म्हणतात ते आशीर्वचन न म्हणता बुडवतात, तर काही जण बुडवणे आवश्यक मानत नाहीत. मिक्सरचे फक्त भांडे बुडवायचे, मोटारीचा अन्नाशी संबंध येत नाही.

पाणी साध्या नळाचे किंवा बादलीचे चालत नाही. झऱ्याचे, पावसाचे किंवा समुद्राचे, म्हणजे माणसाने भांड्याने न उपसलेले पाणी लागते. साठवलेल्या पाण्याच्या कुंडाला 'मिकवे' म्हणतात आणि त्यात निदान ४० सेआ (सेआ हे प्राचीन माप) पाणी असावे लागते. आजच्या मापात ते किती, याचे हिशेब सुमारे ३३० ते ५७० लिटर असे वेगवेगळे केले जातात. इस्रायलमध्ये स्त्रियांच्या विधिस्नानाच्या मिकवेच्या इमारतीबाहेर पुष्कळदा भांड्यांसाठी एक वेगळे छोटे कुंड असते, आणि तिथे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट ठेवलेले असतात. कोकणातल्या माणसाला हे काम सोपे आहे, कारण समुद्र हाच मोठा मिकवे आहे. फक्त लाटेबरोबर चमचा वाहून जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

प्रत्यक्ष बुडवण्याला फार वेळ लागत नाही, तयारीला लागतो. पाणी भांड्याच्या प्रत्येक भागाला लागले पाहिजे, म्हणून किमतीचे लेबल आणि त्याखालचा चिकट डिंक पूर्ण निघाला पाहिजे. स्टीलच्या पातेल्यांवरची कंपनीची चकचकीत लेबले याबाबतीत कर्दनकाळ आहेत. वरचा कागद निघतो, डिंक राहतो, आणि मी खोबरेल तेल चोळून, नखाने खरवडून, शेवटी राखेने घासून तो काढते. तुम्ही तांब्यावर 'सप्रेम भेट' असे नाव कोरून घेतले असेल तर त्याची अडचण नाही, कारण कोरलेली अक्षरे धातूचाच भाग असतात, त्यांनी पाणी अडत नाही. कुंडापाशी गेल्यावर हात आधी पाण्यात ओला करायचा, भांडे सैल धरायचे, 'अल तेविलात केलिम' हे शब्द ज्यात आहेत ते आशीर्वचन म्हणायचे आणि भांडे एका वेळी संपूर्ण पाण्याखाली न्यायचे. तांब्या पालथा बुडवला तर आत हवा अडकते आणि आतला भाग कोरडाच राहतो. तो तिरका करून, बुडबुडे थांबेपर्यंत धरावा लागतो. वाट्या एकात एक रचूनही बुडवता येत नाहीत.

विजेच्या उपकरणांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. भिंतीला जोडून वापरली जाणारी वस्तू भांडे नव्हेच, असे काही धर्मपंडित मानतात. काहींच्या मते ती बुडवून काही दिवस पूर्ण वाळवावी, तर काही जण ज्यू कारागिराकडून ती सुटी करवून पुन्हा जोडून घ्यायला सांगतात, म्हणजे ती ज्यू हातांनी घडलेली ठरते. मी दुसरा मार्ग धरला, किटली चार दिवस गच्चीत उन्हात ठेवली, आणि पाचव्या दिवशी बटण दाबताच घरातले दिवे गेले. तेव्हापासून मी पाणी पातेल्यातच उकळते.

खरे सांगायचे तर माझ्या आजीच्या तोंडून मी या विधीचे नाव कधी ऐकले नव्हते. तिच्याकडे मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असत, पण बुडवण्याचा नियम मला इथे आल्यावरच नीट समजला. तुमच्या मैत्रिणीने बुडवण्याआधी चुकून त्या पातेल्यात आमटी केली असती, तरी ती आमटी निषिद्ध झाली नसती. पुढच्या वापराआधी पातेले बुडवून आणणे तेवढे तिच्या अंगावर राहिले असते. पुढच्या खेपेला काही न्याल तेव्हा लेबल आधीच काढून न्या, आणि ती कुंडावर निघाली तर तिच्याबरोबर जा. तिच्यादेखत भांडे तुम्हीच पाण्यात धरले तरी तिला ते चालेल.