रक्त आठवर, दिवस भरत आलेले

"मॅडम, एवढं खायला घालतोय, तरी पोरीचं रक्त वाढंना. आता बाळंतपणात काय करायचं?"

दर महिन्याच्या 9 तारखेला हा प्रश्न माझ्या टेबलाशी येतो. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तासगाव तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात सकाळपासून गरोदर बायकांची रांग लागते. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी येतं त्यांना डॉक्टर माझ्याकडे पाठवतात. त्यातल्याच एकीची ही हकीकत. तिचं नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

मुलगी जतकडे दिलेली, पहिलटकरीण. डोहाळजेवण उरकून माहेरी आलेली. चौतिसावा आठवडा, हिमोग्लोबिन 8.2. पाचव्या महिन्यात 10.2 होतं, सातव्यात 9.1. कार्डावर उतरता जिनाच होता. आई खुर्चीवर टेकायच्या आधीच सुरू झाली, "तिकडं कुणी बघितलंच न्हाई हिच्याकडं. हितं आल्यापास्नं बीट चालूय, डाळिंब चालूय, बेदाणं तर घरचंच हाईत." सासूबाईंचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता: आमच्याकडं होती तवा बरी होती. दोन घरांच्या या ओढाताणीत पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसलेली.

रक्त कमी आलं की घरोघर हेच होतं. सगळे ताटाकडे बघतात, लोहाच्या लाल गोळीचं कुणी विचारत नाही.

आईला कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवलं. "गोळ्या घेतेस ना?" असं मी कधीच विचारत नाही, कारण त्याला "हो" शिवाय दुसरं उत्तर येत नाही. मी विचारलं, "लाल गोळी कुठल्या वेळेला नको वाटते?" मग हळूहळू बाहेर आलं. सुरुवातीला गोळी घेतल्यावर संडास काळी झाली, खडा होऊ लागला, ती घाबरली. जावेनं वर सांगितलं की या गोळ्यांनी बाळ काळं होतं. तेव्हापासून आठवण झाली तर घ्यायची, नाहीतर नाही. घेतली तरी कॅल्शियमची गोळी आणि ही, दोन्ही एकदम, संध्याकाळच्या चहाबरोबर. "एकदाच उरकतं," म्हणाली.

आणखी एक विचारलं, कारण ते आपण होऊन कुणी सांगत नाही. माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का? ती लाजली. पर्समध्ये पाटीवरची पेन्सिल होती. या खाण्याला लोक डोहाळे म्हणून हसतात. पण शरीरातलं लोह घटलं की अशी वखवख होते, आणि लोह भरून आलं की बहुतेक वेळा ती आपोआप जाते. त्यावरून रागावण्यात अर्थ नाही.

आई आल्यावर दोघींना समोर बसवून हिशोब मांडला. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून आकडा थोडा उतरणारच. एरवी बाईचं 12 च्या खाली गेलं तर कमी धरतात, गरोदरपणात 11 च्या खाली. 7 ते 9.9 हा मध्यम ॲनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता. शिवाय शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून सगळ्यात जास्त लोह ओढून घेतं. गरोदर बाईला रोज साधारण 27 मिलिग्रॅम लोह लागतं. डाळिंबात ते नावापुरतंच असतं, आणि बीट लाल आहे म्हणून रक्त होत नाही. बेदाणे, बाजरी, मटकी, पालेभाजी, अंडी, मटण हे सगळं जरूर खावं, वर लिंबू पिळावं. पण चौतिसाव्या आठवड्यात 8.2 वरून नुसत्या खाण्यावर 11 गाठता येत नाही. नियमित गोळीनंसुद्धा तीन-चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढतं. इथे हातात पाच-सहा आठवडेच होते.

आईचा चेहरा उतरला. "म्हंजे रक्त चढवायचं?"

नाही. शेवटच्या महिन्यांत हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर दाखल करून तो विचार होतो. हिला डॉक्टरांनी लोहाचं सलाईन सांगितलं, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. वजन आणि हिमोग्लोबिन बघून डोस ठरतो, एका वेळी जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम. सलाईन पंधरा-वीस मिनिटांत संपतं, नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण क्वचित कुणाला त्याची रिॲक्शन येते. त्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, कारण प्रत्येक कमी हिमोग्लोबिन लोहाचंच असतं असं नाही, कधी बी-12 जीवनसत्त्व कमी असतं, कधी थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार निघतो. हिचं लोहाचंच निघालं. सांगलीच्या सिव्हिलला सलाईन झालं आणि त्याच दिवशी ती घरी आली.

"सिझर करावं लागंल का?" हे तिनं दारातून परत वळून विचारलं. रक्त कमी म्हणून सिझर करत नाहीत. अडचण वेगळी आहे. बाळंतपणात थोडा रक्तस्राव प्रत्येकीला होतो, तो 11 वालीला सोसतो, 7-8 वालीला जड जातो. म्हणून रक्तगट कार्डावर हवा आणि बाळंतपण घरी किंवा छोट्या जागी नको, जिथे रक्ताची सोय आहे तिथेच. बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघायचं, हेही आईला दोनदा सांगितलं.

बाळ काळं होण्याचं म्हणाल तर रंग आई-बापाकडून येतो. संडास काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ही दोन वाक्यं तिला पाचव्या महिन्यात कुणी सांगितली असती तर निम्मं काम तेव्हाच झालं असतं. कार्डावर "गोळ्या दिल्या" लिहिणं सोपं असतं.

सदतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 10.1 आलं. नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगी झाली. नाळ कापायला डॉक्टर मिनिटभर थांबले. तेवढ्यात बाळाला वारेतलं आणखी थोडं रक्त, म्हणजे लोह, मिळतं.

दीड महिन्याच्या डोसला बाळाला घेऊन आल्या तेव्हा आईनं विचारलं, "आता गोळ्या बंद करायच्या नव्हं?" बाळंतपणानंतरही रोज एक, 180 दिवस. या वेळी नवऱ्यालाही स्पीकरवर घेतलं. रात्री जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर लाल गोळी, कॅल्शियम सकाळी-दुपारी जेवणाबरोबर, गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. खडा होत असेल तर पाणी आणि भाजी वाढवायची, गोळी सोडायची नाही. सासरी परतल्यावर आठवण करायचं काम त्यानं घेतलं. किती गोळ्या झाल्या, किती उरल्या ते कार्डावर लिहून दिलं, आणि जतकडच्या आशाताईंना त्यांच्यासमोरच फोन लावला.