डिफायवरून टीसीआरवर गेल्यास पाठीला त्रास होईल का?

होऊ शकतो, पण ते सायकल विकत घेण्यापूर्वीच तपासता येते. डिफाय ही जायंट कंपनीची एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्यासाठी आरामशीर बसणीची सायकल आहे, तर टीसीआर ही त्याच कंपनीची रेस सायकल. रेस सायकलीचा स्टॅक, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तो मध्य) हेडट्यूबच्या (फ्रेमची हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, सारख्याच मापाच्या एंड्युरन्स सायकलीपेक्षा साधारण 20 ते 40 मिलिमीटरने कमी असतो. त्यामुळे हँडल खाली येते आणि पाठ जास्त वाकवावी लागते. हे आजमावण्यासाठी आपल्या डिफायच्या स्टेमखालील (हँडल धरून ठेवणारा भाग) एक स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी कडी, काढून तो स्टेमच्या वर बसवावा, म्हणजे हँडल तेवढे खाली येईल, दोन आठवडे नेहमीच्याच अंतरावर सायकल चालवावी आणि मगच दुसरा काढावा. ज्या नळीवर स्टेम आणि स्पेसर बसतात ती फोर्कची नळी मात्र इतक्यात मुळीच कापू नये. तासाभराने मान अवघडत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील किंवा कोपरे ताठ होऊन सारा भार तळहातांवर येत असेल, तर शरीर अजून तयार नाही असे समजावे.

टीसीआरचे हँडल चपळ वळते, घाटातल्या वळणांवर ते फार सुखद वाटते. परंतु डिफायच्या नव्या फ्रेममध्ये 38 मिलिमीटरपर्यंतचे टायर बसतात आणि टीसीआरमध्ये 33 पर्यंतच. खड्ड्यांच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने हा फरक हलका मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.