‘कंटाळा आला’ म्हणणारी मैत्रीण

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांपासून कथा लिहिते. घरचे, मित्रमंडळी सगळे ‘छान’ म्हणतात. एकच मैत्रीण म्हणाली, ‘मधे कंटाळा आला.’ तिला पुन्हा काही दाखवलं नाही. लेखन शिकायला गुरू कुठे शोधू? महागडा कोर्स करू का? यात करिअर होईल का? सोबत एक कथा पाठवते आहे.

उत्तर : तुझी कथा दोनदा वाचली. आजी गेल्यावर मुलगी ‘अतिशय दुःखी झाली’ असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य वाचून मी सरळ पुढे गेले. पानभर पुढे तीच मुलगी आजीची उशी झटकते, जागेवर ठेवते आणि पुन्हा उचलून झटकते. तिथे मात्र मी थांबले. माझा घसाही दाटून आला. ती उशी तुझ्या हातून आपोआप आली असेल, पण तिच्यात काय साधलंय हे तुला कळायला हवं. त्यासाठी गुरूच हवा असं नाही, मनापासून वाचणारं माणूस हवं.

तुझ्यासारखी लिहिणारी तीन-चार जणं गोळा कर. वाचनालय, महाविद्यालयाचं नियतकालिक, एखादी कार्यशाळा, कुठेही भेटतील. नावाजलेली नसली तरी चालतील, पण ती स्वतः लिहिणारी आणि भेटीचा दिवस पाळणारी असावीत. ऑक्सफर्डमध्ये ‘नार्निया’च्या कथांचे लेखक सी. एस. लुईस यांच्या खोलीवर १९३० आणि ४०च्या दशकांत मित्र जमायचे आणि आपापले कच्चे खर्डे मोठ्यानं वाचून दाखवायचे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किनही त्यांत होते. मोठ्यानं वाचण्याचा फायदा तुलाही लगेच जाणवेल : जिथे जीभ अडखळते, तिथे बहुतेक वेळा वाक्यच अडखळलेलं असतं.

आता अभिप्राय कसा द्यायचा ते सांगते, कारण बरेच गट इथेच मोडतात. ‘आवडली’, ‘नाही आवडली’ यानं लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘तिसऱ्या पानावर मी मागे जाऊन पुन्हा वाचलं, काका कोण हेच विसरले होते’ असं कुणी म्हटलं, की काय दुरुस्त करायचं ते कळतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम चालतो. अशा कार्यशाळांची जुनी रीत अशी, की इतर जण मसुद्यावर बोलत असताना लेखकानं गप्प बसायचं. ही रीत नवख्याला जड जाते, पण मला तिच्यात अर्थ दिसतो. कथा वाचकाच्या हाती गेल्यावर ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायला आपण तिथे नसतो. तुला फारच अवघड वाटलं तर आधी स्वतःचे दोन प्रश्न गटासमोर ठेव आणि मग ऐक.

आणि दुसऱ्यांचे मसुदे मन लावून वाच. माझ्या मते खरं शिक्षण तिथे होतं. स्वतःच्या वाक्यावर जीव जडलेला असतो, दुसऱ्याच्या कथेतला फापटपसारा मात्र लगेच दिसतो. दहा मसुदे असे वाचलेस की अकरावा, स्वतःचा, वाचताना तीच नजर कामी येते.

कोर्सला माझा विरोध नाही. पैसे भरण्याआधी एवढं विचार : शिकवणारी व्यक्ती माझी किती पानं स्वतः वाचणार? वर्गात किती जण असतील? पुनर्लेखन करून दाखवायची संधी आहे का? नुसती व्याख्यानं असतील तर थांब. ‘पुस्तक नक्की छापून देऊ’ म्हणत पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा.

करिअरचं म्हणशील, तर केवळ कथांवर घर चालवणारे लेखक जगात कुठेही थोडेच. संपादन, अनुवाद, पटकथा, जाहिरातलेखन ही कामं मात्र याच कौशल्यावर उभी आहेत. पदवी पूर्ण कर आणि आठवड्यातले ठरावीक तास लेखनासाठी राखून ठेव.

या महिन्यात एकच काम कर. कथा उशीच्या प्रसंगापासून सुरू कर, ‘अतिशय दुःखी’ काढून टाक आणि नवा खर्डा आधी त्या मैत्रिणीला दे. ‘मधे’ म्हणजे नेमकं कुठल्या ओळीपाशी कंटाळा आला होता, ते तिला विचार आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घे.