जुन्या ब्रिटिश क्रीडापटांत चोरटी ओढ आणि सोयीची लग्नं इतकी का दिसतात?

सगळ्यांत नाही दिसत. पण १९६३ च्या 'दिस स्पोर्टिंग लाइफ'मध्ये दोन्ही ठासून भरलंय, आणि त्यावरून माझं मावसभावाशी कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहितेय.

आम्ही तो फिल्म क्लबात पाहिला. बाहेर पडल्या पडल्या भाऊ म्हणाला, "रग्बी झकास, पण ती बाई मूर्ख. कमावता गडी घरात आहे, पोरांना जीव लावतो. लग्न करून मोकळं व्हायचं, सोय झाली असती." माझं डोकंच फिरलं. माझी आत्या तरुणपणी विधवा झाली तेव्हा अख्ख्या भावकीने तिला हेच ऐकवलं होतं.

ती बाई म्हणजे मिसेस हॅमंड, दोन मुलांची विधवा. फ्रँक मॅचिन तिचा भाडेकरू, यॉर्कशरचा खाणकामगार. रग्बी लीगच्या क्लबाने करारासाठी हजार पाऊंड मोजले आणि गडी हवेत गेला. तो तिला फरचा कोट आणतो, प्रेम वदवून घ्यायला बघतो. ती मेलेल्या नवऱ्याचे बूट चकचकीत पुसून शेकोटीपुढे ठेवते. भावाला ते बूट दिसलेच नव्हते! नवरा मेला तो वीव्हरच्या कारखान्यात, आणि क्लबात वजन कोणाचं, तर याच वीव्हरचं. अशा घरात कसली सोय बघायची?

सोयीचं लग्न बघायचं तर वीव्हर नवरा-बायकोचं बघा. बंगला, पार्ट्या, आणि नवरा नसताना बाई फ्रँकला घरी बोलावते.

चोरटी ओढ म्हणाल तर म्हातारा जॉन्सन. फ्रँकला क्लबात चिकटवणारा तोच. तो तुझ्याकडे मुलीकडे बघावं तसा बघतो, हे मिसेस हॅमंडच फ्रँकला तोंडावर सांगते. पुरुषा-पुरुषांतला संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता. मग उरते ती नजर, आणि सामन्यानंतरची ती सामाईक अंघोळ. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन स्वतः नायक रिचर्ड हॅरिसमध्ये गुंतला होता, हे त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या डायऱ्यांत आहे.

अर्थात एका सिनेमावरून सगळ्यांना एकच माप लावू नका. धावपटूंवरच्या 'चॅरियट्स ऑफ फायर'मध्ये (१९८१) धर्म, वंश आणि देश यांचा झगडा आहे, तो वेगळा.

पाहणार असाल तर सामने डोळ्यांआड झाले तरी चालतील, स्वयंपाकघर सोडू नका. मिसेस हॅमंड झालेली रेचल रॉबर्ट्स तिथे नुसती भांडी आवरते तरी कळतं की उपकाराखाली राहायचं नाकारणारी बाई मूर्ख नसते. माझ्या आत्यानेही नाकारलं होतं. भावाला हे अजून पटलेलं नाही. पुढच्या वेळी त्याला परत घेऊन बसणार आहे.