पाणी उतरलं की काठ का सुटतो?

प्रश्न: काका, नमस्कार. मे महिन्यात गंगोत्रीला जाताना टिहरी धरणाच्या काठाने गेलो. एका वळणावर रस्ता खचलेला होता. तिथला चहावाला म्हणाला, "पाणी चढतं तेव्हा नाही, उतरतं तेव्हा डोंगर सरकतो." भिजून दरड कोसळते हे कळतं, पण पाणी ओसरताना का? शिवाय आमच्या सोसायटीची भिंतही पावसाळ्यानंतर कांसाकडे (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याकडे) कलली आहे. दोन्हींचा काही संबंध?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर: माती तपासण्यात माझी 31 वर्षं गेली, पण ही गोष्ट डोळ्यांनी नीट पाहिली ती निवृत्तीनंतर, आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या काठावर. 2024च्या ऑगस्टमधला पूर आठवतो ना? धोक्याची खूण 26 फुटांची, पाणी 35च्या वर गेलेलं. ते चढत होतं तोवर आमच्या मागचा काठ शाबूत होता. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी, चांगलं ऊन पडलेलं असताना, काठाचा बैलगाडीएवढा तुकडा बाभळीसकट खाली बसला. शेजारचे गुजराती गृहस्थ म्हणाले, "भेखड धसी गई." मी नदीतल्या मगरींची आठवण ठेवून वरूनच वाकून पाहिलं. वरची माती सुकून भेगाळलेली, आणि खाली हातभर रुंदीच्या पट्ट्यातून पाणी अजून पाझरत होतं.

नदी उतरली होती, काठाच्या पोटातलं पाणी उतरलं नव्हतं. गोम तिथेच आहे.

भरलेलं पाणी काठाला बाहेरून टेकू देतं. ते झपाट्याने खाली गेलं की टेकू गेला. आत मुरलेलं पाणी वाळूतून पटकन निघतं, चिकणमातीतून मात्र लाखो पटींनी सावकाश. तोवर ते आतून कणांना एकमेकांपासून रेटत राहतं. उतार उभा असतो तो कणांच्या घर्षणावर, आणि या रेट्याने तेच घटतं. पाऊस हेच काम वरून करतो. 30 जुलै 2014ला माळीणचा डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली, ती अशाच मुरलेल्या पावसाने.

टिहरीचा जलाशय 830 मीटरपर्यंत भरतो आणि 740पर्यंत उतरवता येतो. म्हणजे काठाची 90 मीटर उंची ओली-कोरडी होत राहते. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणात पातळी दरवर्षी 175वरून 145 मीटरवर आणतात, पुराला जागा ठेवायला. पाणी उतरवणं संपत येतं तोच तिकडचा पावसाळा सुरू होतो, त्यामुळे काठाला दोन्ही मार एकदम बसतात.

चहावाल्याचा एक मार्क मात्र कापतो. पाणी पहिल्यांदा चढतानाही डोंगराचा पायथा भिजून हलका होतो आणि वरचा भार पेलत नाही. थ्री गॉर्जेसचं पाणी 2003च्या जूनमध्ये 135 मीटरवर चढवलं आणि पुढच्याच महिन्यात, पावसात, एका उपनदीच्या काठची मोठी दरड सुटली.

सगळ्यात कटू उदाहरण इटलीतल्या वायोंत धरणाचं. जलाशयाकाठचा 'टोक' नावाचा डोंगर हळूहळू सरकतोय हे अभियंत्यांना ठाऊक होतं. पातळी वरखाली करून तो ताब्यात ठेवता येईल असा त्यांचा हिशोब होता. 1963च्या शरदात त्यांनी पाणी उतरवायला घेतलं, तर डोंगर दिवसाला वीतभर सरकू लागला. 9 ऑक्टोबरच्या रात्री सुमारे 26 कोटी घनमीटर दगडमाती जलाशयात आली. लाट भिंतीवरून उसळून खालच्या लाँगारोने गावावर पडली आणि सुमारे 2000 माणसं मेली. धरणाची भिंत आजही उभी आहे. तिचं गणित बरोबर होतं, डोंगराचं चुकलं.

आता तुमची भिंत. होय, तोच आजार. भिंतीमागचा भराव पाणी पितो, कांस रिकामा होतो, आतलं पाणी भिंतीला ढकलतं. भिंतीत खालच्या बाजूला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची भोकं, आहेत का पाहा. आमच्या सोसायटीत ती होती, पण रंगकामाच्या वेळी 'ओल दिसते' म्हणून कंत्राटदाराने सिमेंटने बुजवली आणि आम्ही सगळ्यांनी भिंत छान दिसते म्हणून त्याचं कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यात ती चार बोटं कलली.

भोकं बुजली असतील तर उघडा आणि त्यांच्यामागे खडी भरा. भेगेवर प्लास्टरचा छोटा ठिपका लावून तारीख लिहा. तो तडकला तर भिंत अजून सरकतेय, मग मुलांना तिच्याकडेने क्रिकेट खेळू देऊ नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मला बोलावू नका, गुडघे दुखतात.